एक पाकीट, दोन सरकारांची तिकिटं: युद्ध चालू असताना पलीकडे पत्रं जायची कशी?

दौतटाक
मंडळी, गेल्या रविवारी लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुण्यात टपाल तिकिटांचं प्रदर्शन बघायला गेले होते. तिला रेल्वेची तिकिटं हवी होती, ती मिळालीही, पण मी एका फ्रेमपाशी अशी अडकले की लेक दोनदा येऊन ओढून गेली.

अमेरिकेच्या यादवी युद्धातलं, १८६४ सालचं एक छोटंसं पिवळट पाकीट होतं. त्यावर एक तिकीट गुलाबी, ३ सेंटचं, वॉशिंग्टनचं चित्र असलेलं, म्हणजे उत्तरेच्या सरकारचं. आणि शेजारी निळं, १० सेंटचं, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचं चित्र असलेलं, म्हणजे दक्षिणेच्या बंडखोर सरकारचं. दोन्हीवर शिक्के मारलेले. म्हणजे रणांगणावर एकमेकांचे मुडदे पाडणाऱ्या दोन सरकारांनी हे एकच पाकीट हातात घेतलं, आपापला शिक्का मारला आणि पुढे जाऊ दिलं!

खाली लिहिलं होतं की पत्र एकाच पानाचं असावं, मजकूर फक्त घरगुती असावा आणि पाकीट उघडं असावं असा नियम होता. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. साध्या माणसांची पत्रं न्यायचं कोण, परवानगी का द्यायचे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शत्रूचा अंमलदार आधी वाचणार हे माहीत असताना एका पानात लिहायचं काय? जाणकारांनी सांगा प्लीज.

घाटमाथा
भारी विषय. चटई टाकून बसलोय.

तिकीटबाबू
दौतटाक, तुम्ही पाहिलंत ते पांढऱ्या निशाणाखालचं टपाल. मी तीस वर्षं तिकिटं गोळा करतोय, असं पाकीट हातात घ्यायचा योग दोनदाच आला. थोडं मुळापासून सांगतो.

१८६१ च्या एप्रिलमध्ये फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफा चालल्या आणि युद्ध सुरू झालं, तरी टपाल लगेच बंद पडलं नव्हतं. दीड महिना अमेरिकेचंच पोस्ट खातं बंडखोर राज्यांत पत्रं वाटत होतं. दक्षिणेचा पोस्टमास्तर जनरल होता टेक्सासचा जॉन रेगन. त्याने आपल्या सगळ्या पोस्टमास्तरांना सांगून ठेवलं होतं की आपली व्यवस्था उभी राहीपर्यंत जुनंच चालू ठेवा, हिशोबही वॉशिंग्टनलाच पाठवा. तिकडे आतून त्याची तयारी चालली होती. वॉशिंग्टनच्या टपाल खात्यातल्या दक्षिणी अधिकाऱ्यांना त्याने निरोप धाडला की इकडे या आणि येताना फॉर्म, नकाशे, ठेक्यांचे कागद घेऊन या. आणि ते आले की! १ जून १८६१ पासून दक्षिणेने टपाल आपल्या हातात घेतलं, आणि त्याच वेळी उत्तरेचा पोस्टमास्तर जनरल माँटगोमेरी ब्लेअर याने दक्षिणेची सेवा बंद केली. त्यानंतर उत्तरेतून दक्षिणेला टाकलेली पत्रं 'टपाल स्थगित' असा शिक्का मारून डेड लेटर ऑफिसात, म्हणजे पोचवता न येणाऱ्या पत्रांच्या कचेरीत, जायला लागली.

मग उन्हाळ्यात खाजगी एक्सप्रेस कंपन्या पुढे आल्या. ॲडम्स एक्सप्रेस, अमेरिकन लेटर एक्सप्रेस. केंटकीतलं लुईव्हिल ते टेनेसीतलं नॅशव्हिल, दोन्हीकडे यांची ऑफिसं, पत्र इकडे घ्यायचं, सीमा पार करायची, तिकडच्या पोस्टात टाकायचं, दोन्हीकडचं टपाल आणि वर यांचा आकार. जेमतेम दोन अडीच महिने चाललं. १६ ऑगस्टला लिंकनने शत्रुराज्यांशी व्यापारबंदी जाहीर केली आणि २६ तारखेपासून हाही रस्ता बंद.

अजून एक, त्याच ऑगस्टमध्ये उत्तरेने नवी तिकिटं काढून जुनी रद्द करत आणली. दक्षिणेतल्या पोस्टांत जुन्या तिकिटांचे गठ्ठे पडले होते ना, ते विकून शत्रूने पैसा उभा करू नये म्हणून. तुमचं गुलाबी वॉशिंग्टन त्या नव्या मालिकेतलं.

जेवायला बोलावतायत, पांढऱ्या निशाणाचं उरलेलं रात्री लिहितो.

शंकासूर
बाबूजी जेवून या पण माझी शंका घेऊन जा. परवानगी दिलीच का? मी सेनापती असतो तर एक चिठोरं पलीकडे जाऊ दिलं नसतं. हेरगिरीला आमंत्रणच की हे.

कापूसकोंड्या
या युद्धाचा आपल्याशी संबंध आहे म्हणून बोलतो. दक्षिणेच्या बंदरांना उत्तरेच्या नौदलाने वेढा घातला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळं जग मुंबईच्या कापसामागे लागलं. १८६१ ते ६५ मुंबईत पैशाचा नुसता पूर आला होता. प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या भरावाचे शेअर्स, रोज नवीन बँक. मग एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, बातमी मुंबईत पोचली आणि भाव जे कोसळले ते होत्याचे नव्हते झाले. आमचे खापरपणजोबा खानदेशातून गाड्या भरून कापूस पाठवायचे, त्या तेजीत बांधलेला वाडा अजून उभा आहे.

शंकासूर
कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? :)

कापूसकोंड्या
सांगू काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?
बरं थांबतो. पण राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंदने दिलेल्या पैशातला, आईच्या नावाचा, एवढं सांगूनच थांबतो.

तिकीटबाबू
आलो.

शंकासूर, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. दोन्ही सैन्यांकडे एकमेकांचे हजारो कैदी होते. कैद्यांची अदलाबदल करायची तर कुठेतरी बोलावं लागतं, भेटावं लागतं. २२ जुलै १८६२ ला दोन्हीकडच्या सेनापतींनी करार केला, डिक्स-हिल करार म्हणतात, आणि अदलाबदलीसाठी खास अधिकारी नेमले गेले, दक्षिणेकडून रॉबर्ट ओल्ड. जेम्स नदीतून पांढरं निशाण लावलेली बोट कैदी घेऊन जायची, कैदी घेऊन यायची. आता बोट जातेच आहे तर कैद्यांची पत्रं त्यात, आणि कैद्यांच्या पत्रांबरोबर साध्या नागरिकांचीही. नागरिकांसाठी म्हणून वेगळी वाट कुणी बांधली नव्हती.

मुख्य ठिकाण होतं फोर्ट मन्रो. व्हर्जिनियात, म्हणजे दक्षिणेच्या पोटात असूनही हा किल्ला पूर्ण युद्धभर उत्तरेच्याच ताब्यात राहिला. टपालाचा शिक्का 'ओल्ड पॉइंट कम्फर्ट' नावाने मारायचे.

समजा बाल्टिमोरमधल्या बाईला रिचमंडच्या बहिणीला लिहायचंय. तिने एक पान लिहायचं, खाली पूर्ण सही करायची. ते पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं नाही. त्यावर बहिणीचा पत्ता, आणि दक्षिणेच्या टपालाचे १० सेंट, तिकीट असलं तर तिकीट, नसलं तर नाणं. मग हे सगळं दुसऱ्या पाकिटात घालून त्यावर ३ सेंटचं तिकीट लावून फोर्ट मन्रोच्या पत्त्यावर. तिथला अंमलदार बाहेरचं पाकीट फेकून देणार, आतलं पत्र वाचणार, बरं वाटलं तर त्यावर 'तपासले' लिहून आद्याक्षरं करणार आणि थैलीत टाकणार. उलट दिशेलाही असंच. त्यामुळे बहुतेक पाकिटांवर एकाच सरकारचं तिकीट दिसतं. दोन्ही तिकिटं आतल्याच पाकिटावर शेजारी शेजारी लागलेली असतील तर ती दुर्मिळ, आणि म्हणूनच बाजारात नकलाही खूप. गुलाबी तिकीट मागाहून चिकटवून किंमत दहापट करणारे महाभाग आहेत. घ्यायच्या आधी जाणकाराला दाखवाच.

दौतटाक
बाबूजी, किती छान समजावलंत! बाहेरचं पाकीट फेकून द्यायचे हे वाचून उगाच हळहळले.

सुमनकाकू
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिल्यावाचून राहवेना.

दौतटाक, तू विचारलंस की दुसरा कुणी आधी वाचणार हे माहीत असताना काय लिहायचं. अगं, आपल्याकडे सासुरवाशिणींनी पिढ्यानपिढ्या हेच केलंय. माझी आई १९५१ साली लग्न होऊन राजापूरकडे गेली. तिने माहेरी पाठवायचं कार्ड आधी मामंजी वाचायचे, मग ते पोस्टात पडायचं. माहेरी माझी आजी निरक्षर, तिला पोस्टमन अंगणात उभा राहून मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणजे शेजारणीही ऐकणार. अशा पत्रात काय लिहिणार? 'इकडील सर्व क्षेम, तुमचे क्षेम कळवावे.' संपलं.

पण आई आणि मावशीने लग्नाआधी ठरवून ठेवलं होतं. 'परसातली अबोली छान फुलली' म्हणजे माझं बरं चाललंय. 'अबोलीला कीड लागली' म्हणजे कुणीतरी येऊन मला घेऊन जा. 'मोरीपाशी घसरायला होतं' म्हणजे दिवस राहिलेत. एकदा खरंच अबोलीला कीड लागली, आईने सरळ मनाने तसं लिहिलं आणि चौथ्या दिवशी मामा बोटीने येऊन दारात हजर! ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक मंगळागौरीला निघते.

त्या बाल्टिमोरच्या बाईचीही अशी काही अबोली असणारच. बहिणी बहिणी असतात.

घाटमाथा
काकू, काय लिहिलंत! डोळ्यांपुढे मामा आले. लिहित जा हो तुम्ही.

मिसिसिपीकाठ
अबोलीवरून आठवलं, सगळेच काही पांढऱ्या निशाणाची वाट बघत बसले नाहीत. ॲब्सलम ग्राइम्स म्हणून मिसूरीचा बोटीवरचा पायलट होता, युद्धाच्या सुरुवातीला काही दिवस मार्क ट्वेनच्याच तुकडीत होता. तो १८६२ पासून दक्षिणेच्या सैन्यातल्या मिसूरीच्या पोरांची पत्रं चोरून घरी आणायचा आणि घरची पत्रं छावणीत न्यायचा. मिसूरी उत्तरेच्या ताब्यात, त्यामुळे या पोरांना घरी साधं कार्ड टाकायचीही सोय नव्हती. सेंट लुईसमधल्या बायका पत्रं गोळा करायच्या, वाटायच्या. त्या वेळचे ते घेरदार झगे, आत पोलादी कड्या, त्यात शिवून पत्रंच काय औषधंसुद्धा पार व्हायची.

पकडला गेला, पळाला, परत पकडला गेला, शेवटी फाशीची शिक्षा झाली. लिंकनने ती कमी केली आणि पुढे सोडूनही दिलं. पत्रं पोचवण्यापायी गळ्याला दोर लागता लागता राहिला माणसाच्या.

शंकासूर
म्हणजे माझी शंका बरोबर होती ना, हेरच की तो.

मिसिसिपीकाठ
त्याच्या थैलीत सैन्याच्या खबरीही गेल्या असणार, नाही म्हणत नाही. पण बहुतेक कागदांवर 'आई, मोजे मिळाले' छापाचंच असणार. शत्रूला दोन्ही सारखेच, घरच्यांना नाही.

तिकीटबाबू
चोरवाटांत समुद्रही धरा. बहामातलं नासाऊ, बर्म्युडा, हवाना इथून वेढा चुकवून जाणारी वेगवान जहाजं चार्ल्सटन आणि विल्मिंग्टनला लागायची, त्यांतून परदेशी पत्रं यायची. जानेवारी १८६५ ला फोर्ट फिशर पडला आणि विल्मिंग्टनचं तोंड बंद झालं.

आणि जुलै १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग पडल्यावर पूर्ण मिसिसिपी नदी उत्तरेकडे गेली, दक्षिणेचे सरळ दोन तुकडे. मग टेक्सासच्या माणसाला आपल्याच देशातल्या व्हर्जिनियात पत्र पाठवायचं तर शत्रूच्या गस्ती नौका चुकवून रात्री नदी पार करावी लागायची. त्यासाठी सरकारनेच ४० सेंटची खास एक्सप्रेस काढली, नेहमीच्या चौपट दर.

आपल्यासाठी एक गंमत. दक्षिणेने डेव्हिसची काही तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून आणली होती, वेढ्यातून. हीच डी ला रू तेव्हा हिंदुस्थानची तिकिटं छापायची, १९२६ ला आपल्या नाशिकच्या प्रेसमध्ये छपाई सुरू होईपर्यंत.

नाशिककर_मी
नाशिकचं नाव निघालं, हजेरी लावतो :)

वाळूचे_कण
यादवी नाही पण आमच्या घरचं सांगते. बाबा कुवेतला मेकॅनिक होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य घुसलं आणि फोन, पोस्ट, सगळं एका दिवसात मेलं. मी तेव्हा चौथीत. आई रोज संध्याकाळी पोस्टमन गेल्यावरही फाटकाशी उभी राहायची.

सप्टेंबरात पत्र आलं. शिक्का मुंबईचा, अक्षर बाबांचं. आधी वाटलं बाबा मुंबईत पोचले! पण ते एका मल्याळी काकांनी आणलं होतं. ते वाळवंटातून अम्मानला पोचले, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत आले आणि स्वतःच्या गावी जायच्या आधी त्यांनी कमरेला बांधून आणलेली सगळी पत्रं तिकिटं लावून पेटीत टाकली. लाख सत्तर हजार माणसं तेव्हा त्या वाटेने आली, त्यातल्या किती जणांच्या कमरेला अशी पत्रं असतील.

पत्र गॅरेजच्या बिलाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं. 'मी ठीक आहे. जेवण मिळतं. दादाची फी भर, माझी वाट बघू नको. कौलं शाकारून घे, यंदा पाऊस उशिरापर्यंत आहे म्हणतात.' वाटेत झडती झाली तर काकांना त्रास नको म्हणून युद्धाचा एक शब्द नव्हता. बाबा ऑक्टोबरात आले. ते मल्याळी काका कोण, पुन्हा कधी कळलं नाही. आई अजून त्यांच्यासाठी देवापाशी दिवा लावते.

सुमनकाकू
बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. 'कौलं शाकारून घे' यात सगळं आलं गं.

घाटमाथा
+१. अंगावर काटा.

कागदवेडा
कागदावरून आठवलं. युद्धाच्या शेवटी शेवटी दक्षिणेत कागदच मिळेना. लोक भिंतीचे वॉलपेपर सोलून त्याची पाकिटं करायचे, आतून फुलाफुलांची नक्षी. आलेलं पाकीट उलगडून, उलटं करून पुन्हा चिकटवून वापरायचे. जुन्या खतावण्यांची पानं, छापील फॉर्मच्या मागच्या बाजू, हिशोबाच्या वह्या. आणि पान भरलं की कागद आडवा करून लिहिलेल्यावरच काटकोनात पुन्हा लिहायचे! वाचणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षाच.

शंकासूर
म्हणजे 'एक पान' नियमातली पळवाट. हे मात्र मला आवडलं.

निळा_झेंडा
सगळं छान चाललंय, मला थोडं बोचलेलं बोलतो, रागावू नका.

हे युद्ध गुलामगिरीवरून झालं. दक्षिणेत त्या वेळी पस्तीस लाखांच्या वर माणसं गुलाम होती. बहुतेक राज्यांत त्यांना लिहायला वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा. बाल्टिमोर-रिचमंडच्या दोन बहिणींचं पाकीट काचेच्या फ्रेममध्ये येतं, पण ज्याची बायको एका मळ्यावर विकली गेली आणि मुलं तिसऱ्याच गावात, तो माणूस पळून उत्तरेच्या सैन्यात गेला तर त्याने मागे राहिलेल्यांना पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं? मालकाच्याच ना. त्याचा तपासनीस म्हणजे त्याचा मालक.

तरी लिहिलंय त्यांनी. स्पॉट्सवुड राइस म्हणून एक माणूस, आधी गुलाम, मग उत्तरेच्या सैन्यातला शिपाई. सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट लुईसच्या लष्करी इस्पितळात आजारी पडलेला असताना त्याने मिसूरीतच गुलामीत अडकलेल्या आपल्या मुलींना पत्र लिहिलं की धीर धरा, जीव गेला तरी बेहत्तर, मी तुम्हाला घ्यायला येतोय. आणि एक पत्र थेट मालकिणीला, की ही लेकरं देवाने मला दिलेली आहेत, तुझा त्यांच्यावर हक्क नाही. मिसूरी उत्तरेच्या बाजूला राहिलेलं राज्य, म्हणजे सैन्याची रेघही मध्ये नव्हती, आणि तरी बापाला लेकींपर्यंत पोचता येत नव्हतं. ही पत्रं सरकारी दप्तरात राहिली म्हणून आज वाचायला मिळतात.

जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती याच लढ्यासाठी. इतक्या लांबून त्यांना त्याचा अर्थ कळला होता. आपल्या धाग्यात तो यायला हवा असं वाटलं.

दौतटाक
निळा_झेंडा, रागावू कशाला, हे मला सुचलंच नाही याचं वाईट वाटतंय. मी पाकिटाकडे बघत राहिले आणि ज्यांच्याकडे पाकीटच नव्हतं ते डोक्यात आले नाहीत. राइसबद्दल आज पहिल्यांदा वाचलं.

तिकीटबाबू
सहमत. आम्हा संग्राहकांच्या फ्रेमा तिकिटाच्या किमतीने लागतात, त्यात ही पत्रं बसत नाहीत. माझ्याही संग्रहात एकही नाही.

तैवानस्थ
आत्ताचंच उदाहरण देतो. चीनच्या यादवीनंतर १९४९ ला लाखो सैनिक तैवानला आले, बायका-मुलं पलीकडे राहिली. सरळ टपाल नाही. हाँगकाँगमधला किंवा अमेरिकेतला कुणी ओळखीचा असला तर तो पाकीट बदलून पुढे पाठवणार, नाहीतर काही नाही. १९८७ ला भेटीला जायची परवानगी मिळाली, १९८८ पासून तिथल्या रेडक्रॉसतर्फे पत्रं जायला लागली आणि थेट टपाल सुरू झालं डिसेंबर २००८ ला. आमच्या गल्लीतले एक म्हातारे आजोबा त्या पहिल्या लाटेत गावी गेले. आई चार वर्षांपूर्वी वारली होती. हे त्यांना दारात कळलं.

घाटमाथा
...

वाचनवेडी
वर्तमानपत्रांचा रस्ता कुणी सांगितला नाही अजून. न्यूयॉर्क डेली न्यूजमध्ये लोक छोट्या जाहिराती द्यायचे, 'अमक्यास, आम्ही सर्व कुशल, तुझे पत्र मिळाले नाही', आणि खाली विनंती की रिचमंडच्या वर्तमानपत्राने हे पुन्हा छापावे. वर्तमानपत्रं रेघेपलीकडे जायचीच, दोन्हीकडच्या सेनापतींना ती हवी असायची. रिचमंड एन्क्वायररमध्ये ते छापून यायचं, तिकडून उत्तरही तसंच. साऱ्या जगाच्या डोळ्यांपुढे बापलेकांचं बोलणं. आपल्याकडे 'बाळ, असशील तिथून परत ये, आई आजारी आहे, कुणी रागावणार नाही' यायचं ना पेपरात, फोटोसकट, मला लगेच तेच आठवलं.

आणि युद्ध संपल्यावर, युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या क्लारा बार्टनने वॉशिंग्टनमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारं ऑफिस काढलं, तिच्याकडे ६३,००० च्या वर पत्रं आली, २२,००० जणांचा तरी ठावठिकाणा तिने लावून दिला. १९९० च्या दशकात एक जुनी इमारत पाडायला काढली तेव्हा माळ्यावर तिच्या ऑफिसची पाटी आणि कागद सापडले, म्हणून ती इमारत वाचली.

रिचमंडकर
धागा उशिरा बघितला. मी अकरा वर्षं रिचमंड, व्हर्जिनियात राहतो (हो, तेच रिचमंड, दक्षिणेची राजधानी). फोर्ट मन्रो इथून दीड तासावर. आपला धागा वाचून परवा शनिवारी बायको-पोरांना घेऊन मुद्दाम गेलो.

किल्ल्याभोवती अजून पाण्याचा खंदक आहे. लोक तिथे राहतात, सायकली चालवतात. बाहेर ओल्ड पॉइंट कम्फर्टचं पांढरं दीपगृह, १८०२ सालच्या आसपासचं, अजून चालू. समोर पाणी, तिथूनच जेम्स नदीत शिरायचं. मी धक्क्यावर उभा राहून मुलाला सांगितलं, इथून पांढरं निशाण लावलेली बोट निघायची. तो म्हणाला, बोटीत कुणी गोळी मारली नाही का? म्हटलं, नाही मारायची असं ठरलं होतं. म्हणे, मग बाकीच्या वेळी का नाही ठरवलं. काय सांगणार त्याला.

निळा_झेंडा, खास तुमच्यासाठी. मे १८६१ मध्ये, म्हणजे टपाल बंद पडायला जेमतेम आठवडाभर उरला होता तेव्हा, तीन गुलाम, फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी, रात्री होडी घेऊन ह्याच किल्ल्यावर पळून आले. त्यांचा मालक परत मागायला लागला तर किल्ल्यावरच्या उत्तरेच्या जनरल बटलरने दिले नाहीत, म्हणाला हा शत्रूचा जप्त केलेला माल आहे. शब्द वाईटच, माणसाला माल म्हणणं, पण त्या शब्दाने तिघं सुटले. बातमी फुटली आणि मागोमाग शेकडो, मग हजारो माणसं इथे येऊन थडकली. १६१९ ला व्हर्जिनियात पहिली आफ्रिकी माणसं उतरवली गेली तीही याच टोकाला. म्हणजे ज्या ठिकाणाहून बहिणींची पत्रं पार व्हायची तिथूनच ही माणसं स्वतः पार झाली.

आणि दौतटाक, तुमच्या निळ्या तिकिटावरचा जेफरसन डेव्हिस. युद्ध संपल्यावर त्याला पकडून ठेवलं कुठे माहितीये? इथेच, १८६५ ते ६७. ती कोठडी अजून दाखवतात.

निळा_झेंडा
रिचमंडकर, मनापासून आभार. त्या तिघांची नावं लिहून ठेवली.

शंकासूर
मी माझी सेनापतीची पोस्ट मागे घेतो. जाऊ द्या बोट.

सुमनकाकू
रिचमंडकर, मुलाला माझा आशीर्वाद. प्रश्न बरोबर आहे त्याचा.
दौतटाक, तुझ्या मूळ प्रश्नाचं काय झालं? त्या पाकिटातलं पत्र कुणी वाचलं का?

दौतटाक
काकू, तेच सांगायला आले. काल त्या पाकिटाच्या मालकांना प्रदर्शनवाल्यांकरवी फोन केला, फार भले गृहस्थ निघाले, म्हणाले या घरी. लेकीलाही घेऊन गेले. आत पत्र नाही. त्यांनी घेतलं तेव्हाच रिकामं होतं. मी जरा हिरमुसले.

तिकीटबाबूंनी सांगितल्याप्रमाणे आद्याक्षरं शोधली. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने अगदी पुसट, दोन अक्षरं, खाली एक रेघ. मग त्यांनी हातमोजे घालून पाकीट उलटं केलं. फ्रेममध्ये मागची बाजू दिसत नव्हती ना. झाकणाची त्रिकोणी घडी उघडीच होती, कडेने डिंकाचा पट्टा, तपकिरी पडलेला पण अख्खा, चकचकीत. लेकीने विचारलं, काका, याला जीभ लावली तर अजून चिकटेल का? ते हसून म्हणाले, बहुतेक चिकटेल, कारण आजवर कुणी चिकटवलंच नाहीये.